डोक्यावरचा खेकडा : हाफ-लाइफच्या एका मॉडच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२४, शनिवार

हाफ-लाइफ हा व्हिडिओ गेम, आणि मॉड म्हणजे त्याच्या कोडमध्ये आपण केलेला बदल. हेतू एका वाक्यात : हेडक्रॅबने (खेळातला, डोक्यावर झेप घेणारा खेकड्यासारखा परजीवी) खेळ चालू असताना, खेळाडूच्या डोळ्यांदेखत, कोणाच्या तरी डोक्यावर बसावं.

भाच्याने लगेच विचारलं, "म्हणजे आत्ता बसत नाही?" नाही बसत. नोव्हेंबर १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या हाफ-लाइफच्या कोडमध्ये तशी सोयच नाही. ब्लॅक मेसा या संशोधन केंद्रात प्रयोग फसतो, झेन नावाच्या दुसऱ्या जगातून हे जीव येऊन पडतात. दिसायला सोलून ठेवलेल्या कोंबडीसारखे. ते अंगावर उडी मारतात, चावतात, खाली पडतात, वळून पुन्हा उडी मारतात. दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत झॉम्बी उभा असतो : शास्त्रज्ञाचा पांढरा कोट, फाटलेली छाती, डोक्याच्या जागी तोच खेकडा. या दोन चित्रांच्या मधली पायरी आपण आपल्या मनात भरतो, आणि इतकी पक्की भरतो की ती पाहिल्याचंच आठवतं. भाच्याने खेळ दोनदा संपवलाय, तरी त्याला खात्री होती की त्याने ती पाहिली आहे.

परजीवी म्हणून इतका प्रसिद्ध असलेला जीव प्रत्यक्षात परजीवीपणा करतच नाही. ती पायरी लिहायची.

साधनं : गोल्डसोर्स इंजिन (क्वेक या खेळाच्या इंजिनातून निघालेलं), व्हॉल्व्हने, म्हणजे खेळ बनवणाऱ्या कंपनीने, उघडा ठेवलेला गेम कोड, नकाशासाठी हॅमर. गेल्या नोव्हेंबरात खेळाला २५ वर्षं झाली तेव्हा व्हॉल्व्हने तो पुन्हा झाडून-पुसून दिला, त्यामुळे आजच्या मशीनवर चालवायला फार खटपट नाही.

९ जून, रविवार

दिवसभर हेडक्रॅबची एकच फाइल वाचली. छोटी आहे आणि वाचायला मजा येते.

मधल्या काठिण्यपातळीवर त्याचा जीव (किती मार झेलतो तो आकडा) १०, चावा (किती मार देतो तो) १०. सोप्या पातळीवर चावा ५, अवघडवर जीव २०. शत्रू २५६ युनिटच्या (युनिट म्हणजे खेळातलं अंतराचं माप) आत आणि तोंडासमोर (दोन्ही बाजूंना साधारण ४९ अंशांपर्यंत) असेल, आणि स्वतःचे पाय जमिनीवर असतील, तरच उडी.

उडीचं गणित खरं बघण्यासारखं आहे. तो शत्रूच्या डोळ्यांची उंची काढतो, आणि गुरुत्वाकर्षणाला तोंड देत बरोबर तेवढ्या उंचीवर पोचायला किती वेग लागेल ते वर्गमूळ घेऊन ठरवतो. उभ्या खेळाडूचे डोळे जमिनीपासून ६४ युनिटवर, खेळातलं गुरुत्वाकर्षण ८००. म्हणजे वरचा वेग ३२० आणि वर पोचायला लागणारा वेळ ०.४ सेकंद. मग आडवं अंतर तेवढ्याच वेळात कापलं जाईल असा आडवा वेग. म्हणजे उडीचा सर्वोच्च बिंदू बरोबर डोळ्यांशी. फक्त एकूण वेगाला ६५० ची मर्यादा घातली आहे. सपाट जमिनीवर साधारण २२६ युनिटच्या पलीकडून मारलेली उडी त्या मर्यादेत अडकते आणि थोडी खाली बसते, छातीवर. खेळाडू वाकलेला असला तर डोळे ३० वर येतात आणि उडी एकदम चपटी होते. लांबून आलेला हेडक्रॅब वाकलेल्या माणसाच्या जेमतेम पायापाशी पोचतो. खेळताना हे जाणवलं होतं, कारण आज कळलं.

माझ्यासाठी महत्त्वाचं हे की उडी मुळातच डोक्यासाठी लिहिलेली आहे. डोक्यापाशी पोचल्यावर काय करायचं, तिथे मात्र फक्त चावा. स्पर्श झाला की नुकसान द्या, आणि पुढच्या उडीपर्यंत स्पर्श बंद. शास्त्रज्ञांच्या बाबतीत तर अजून सोपं : त्यांचे डोळे कोडमध्ये ५० युनिटवर मानले आहेत, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदात गळाभेट.

१५ जून, शनिवार

कोण कोणाला शत्रू मानतो त्याचा तक्ता पाहिला. हेडक्रॅबचा वर्ग "परग्रहावरचं भक्ष्य". शिकारी नव्हे, भक्ष्य! बुलस्क्विड हा दुसरा परग्रही जीव त्याच्या मागे लागून त्याला खातो, आणि तो बुलस्क्विडला घाबरतो. बुलस्क्विडच्या कोडमध्ये एक गमतीदार अट आहे : गेल्या ५ सेकंदांत मार बसला असेल तर हेडक्रॅबकडे दुर्लक्ष कर. जिवावर बेतलेलं असताना जेवायला धावू नये, एवढं शहाणपण त्याला दिलंय.

गोनार्क म्हणजे हेडक्रॅबची मोठी आई. तिची पिल्लंही याच फाइलमध्ये आहेत. जीव मोठ्याच्या पाव, चावा त्याच्या ०.३ पट. आणि आईचं आम्ल हेडक्रॅबला लागत नाही, त्यासाठी वेगळी ओळ. अन्नसाखळी, पिल्लं, आई, सगळं आहे. यजमानाचा पत्ता नाही. एखाद्या जंताचा सगळा आयुष्यक्रम लिहावा आणि आतडं विसरावं तसलं काहीतरी... असो, वेळेचं गणित त्यांचंही असणारच.

१६ जून, रविवार

जुनी प्रोजेक्ट फाइल नव्या कंपायलरवर आणली. इशारे ढीगभर, चूक एकही नाही. नवीन डीएलएल (खेळाचा कोड असलेली फाइल) खेळात चढली. पुरे.

२२ जून, शनिवार

पहिली आवृत्ती, साधी. हेडक्रॅबच्या चाव्याने शास्त्रज्ञ किंवा बार्नी (खेळातला सुरक्षारक्षक) मेला, तर प्रेतावर खूण करायची. काही सेकंदांनी प्रेत काढून त्या जागी झॉम्बी उभा करायचा. शास्त्रज्ञाचा जीव २०, म्हणजे मधल्या पातळीवर दोन चावे. बार्नीचा ३५.

चालवलं आणि खेळ बंद पडला. मॉडेल आणि आवाज नकाशा चढतानाच आगाऊ मागवून ठेवावे लागतात. मधेच झॉम्बी मागितला की इंजिन हात वर करतं. उपाय सोपा : हेडक्रॅब जन्माला येतानाच झॉम्बीचं सगळं सामान मागवून ठेवेल. कोडच्या दृष्टीने हे बरोबरही वाटतं, की प्रत्येक हेडक्रॅब आपल्या पोटात एक झॉम्बी घेऊन फिरतोय.

बार्नीचा प्रश्न आहे. मूळ खेळातला झॉम्बी फक्त कोटवाला शास्त्रज्ञ. रक्षकाचा आणि सैनिकाचा झॉम्बी १९९९ च्या अपोझिंग फोर्स या पुरवणी खेळात आला, आणि गोनोमही, म्हणजे लागण फार पुढे गेल्यावरचं रूप. ते मॉडेल उचलून वाटता येणार नाहीत. तूर्त बार्नीला सूट.

२३ जून, रविवार

प्रेतं भिंतीला टेकून पडतात. झॉम्बी उभा राहायला ३२ रुंद, ७२ उंच अशी मोकळी जागा लागते, आणि प्रेताची चौकट इंजिनने एका युनिटच्या उंचीची करून टाकलेली असते. म्हणून उठणारा झॉम्बी कधी टेबलात रुततो, कधी दारात. जागा शोधत आजूबाजूला चाचपणारा कोड लिहिला. चालतो, पण डोळ्यांसमोर प्रेत हातभर बाजूला सरकून उठतं, ते वाईट दिसतं.

२९ जून, शनिवार

प्रेतावर बसणारा परजीवी ही खरं तर हेलो या दुसऱ्या खेळाची रीत. २००१ च्या पहिल्या हेलोमध्ये सहाव्या टप्प्यावर फ्लड हा परजीवी येतो. तोवर खेळ म्हणजे उघडी मैदानं, गाड्या, शिस्तीत लढणारे शत्रू. मग दलदल, रिकाम्या खोल्या, एका सैनिकाच्या हेल्मेटमधलं चित्रण, आणि दार फुटतं. लागण करणारं छोटं रूप एका गोळीत फुटतं, पण येतं लाटांनी. मोठं वाहक रूप फुटलं की आतून पुन्हा छोटी बाहेर पडतात. २००७ च्या हेलो ३ मध्ये ती पडलेल्या शरीरात शिरून तुमच्यासमोरच त्याला उठवतात. तिथे प्रेत म्हणजे शत्रूचा साठा. जाणकार खेळाडू शांत असलेल्या खोलीतही आधी प्रेतं फोडून घेतो.

हाफ-लाइफमध्ये ते आपोआप जमतं, कारण प्रेतांनाही जीव असतो. मेल्यावर इंजिन प्रेताला मूळ जीवाच्या निम्मा जीव देतं. शास्त्रज्ञाचे २०, प्रेताचे १०. क्रोबारचा (खेळाडूच्या हातातली लोखंडी पहार) पूर्ण फटका १०. एका फटक्यात प्रेताचे तुकडे. बार्नीचं प्रेत साडेसतराचं, त्याला बरेच फटके लागतात, कारण एका फटक्यात न फुटणाऱ्या प्रेतातून फटक्याचा फक्त दहावा हिस्सा वजा होतो. म्हणजे नियम माझ्या आधीच लिहून ठेवलेला होता : ज्याला उठू द्यायचं नाही, त्याला मारून चिंधड्या करा.

कागदावर भयानक आहे. ज्याने दोन मिनिटांपूर्वी दार उघडून दिलं, त्याच्याच शरीरावर क्रोबार.

६ जुलै, शनिवार

भाच्याला बसवलं. पहिल्या प्रेतावर त्याने क्रोबार चालवताना "ई" केलं. नंतरच्या प्रत्येक प्रेतावर न बघता, चालता चालता एक फटका. नंतर तर नकाशातली आधीपासून ठेवलेली, लागण न होणारी प्रेतंही तो सवयीने फोडत सुटला. झॉम्बी एकही उठला नाही. परजीवी गायब, उरली झाडलोट.

फ्लडच्या बाबतीत हे चालतं कारण तिथे वेळ मिळत नाही, लाट अंगावर असते. हाफ-लाइफची चाल वेगळी, इथे एक दार, एक खोली, एक माणूस. प्रेताला किंमत नाही हे खेळाडूला फार लवकर कळतं. किंमत जिवंत माणसाला असते, कारण तो बोलतो, मागे येतो, दार उघडतो.

७ जुलै, रविवार

ताईशी फोनवर बोलणं झालं. ती महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि खेळांबद्दल तिला काडीचं प्रेम नाही, पण परजीवी म्हटल्यावर तास घेतला.

तिचा पहिलाच आक्षेप : "मेलेल्यावर बसणाऱ्याला परजीवी कशाला म्हणतेस? तो मृतभक्षी. परजीव्याला यजमान जिवंत हवा, आणि शक्यतो स्वतःच्या पायांनी चालता हवा."

मग तिने हिरव्या, धातूसारख्या चमकणाऱ्या एका गांधीलमाशीबद्दल सांगितलं, अ‍ॅम्प्युलेक्स कॉम्प्रेसा. आपल्याकडेही असते. ती झुरळाला दोनदा डंख मारते. पहिला छातीत, त्याने पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात. तेवढ्या अवधीत दुसरा, नेमका डोक्यातल्या मज्जागुच्छात. झुरळ लुळं पडत नाही. ते उभं राहू शकतं, चालू शकतं, पण आपणहून चालायची इच्छाच संपते. माशी त्याच्या मिशा अर्ध्यावर तोडते, तिथून त्याचं रक्त चाखते, आणि उरलेली मिशी धरून त्याला बिळाकडे नेते. झुरळ मागोमाग जातं. बिळात पायावर एक अंडं, आणि तोंडाशी खडे लावून दार बंद. अळी त्याला आतून खाते, तेही ते जास्तीत जास्त काळ जिवंत राहील अशा बेताने.

"माशीला झुरळ उचलत नाही," ताई म्हणाली. "म्हणून ती त्याचे पाय वापरते. तुझ्या खेकड्याला माणूस उचलणार आहे का?"

हे ऐकल्यावर मला कीटक-भृंगी आठवली. आजी सांगायची : भिंतीवर कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, त्यात अळीला कोंडते, अळी भीतीने तिचाच ध्यास घेते आणि शेवटी माशीच होऊन बाहेर पडते. जीवाने देवाचा ध्यास घेतला की तो देवच होतो, असं संतांनी त्यावरून सांगितलं. ताई हसली. अळी माशी होत नाही, माशीची अळी तिला खाते आणि मग माशी बाहेर येते. बघणाऱ्याला आत गेलेली अळी आणि बाहेर आलेली माशी एवढंच दिसतं. मधली पायरी मनाने भरलेली.

म्हणजे खोलीत हेडक्रॅब, पुढच्या खोलीत झॉम्बी. व्हॉल्व्हने जे केलं ते आपल्याकडे फार पूर्वी झालेलं आहे, फक्त तिकडे निष्कर्ष मोक्षाचा निघाला.

निर्णय : प्रेतांचा सगळा कोड काढायचा. यजमान जिवंत.

१३ जुलै, शनिवार

मालिकेत पुढे याबद्दल काय केलंय ते तपासलं, आपलं त्याच्याशी फार विसंगत नको.

नोव्हेंबर २००४ च्या हाफ-लाइफ २ मध्ये कम्बाइन, म्हणजे पृथ्वी बळकावलेली परकी सत्ता, हेडक्रॅब भरलेले गोळे वस्तीवर टाकतं. रेव्हनहोम हे गाव तसंच संपलेलं. तिथे झॉम्बीला डोक्यावर न मारता पाडलं तर हेडक्रॅब उतरून पुन्हा तुमच्यावर येतो. विषारी हेडक्रॅब एका चाव्यात तुमचा जीव १ वर आणतो, पण तो चावा स्वतः जीव घेत नाही. खेळाडूच्या अंगावरचा संरक्षक पोशाख हळूहळू उतारा देतो. परजीव्याच्या तर्काला हे अगदी धरून आहे : यजमान मारायचा नाही, लुळा करायचा. डॉ. क्लायनर या शास्त्रज्ञाकडे तर चोच काढलेली लमार नावाची हेडक्रॅब पाळलेली आहे. आणि पेटलेल्या झॉम्बीच्या किंकाळ्या उलट्या वाजवल्या तर आत माणूस देवाकडे मदत मागतोय हे ऐकू येतं, हे खेळाडूंना फार वर्षांपासून माहीत आहे. म्हणजे यजमान जिवंत असल्याचं व्हॉल्व्हनेही धरलेलं आहे, फक्त लपवून ठेवलंय.

मार्च २०२० च्या अ‍ॅलिक्समध्ये खेळाडूला डोक्यावर हेल्मेट घालता येतं. हे उचलायचं. बार्नीला मूळ खेळातच हेल्मेट आहे आणि त्यावरचा मार कोडमध्ये २० ने कमी होतो. पण ते गोळी किंवा फटक्याचा नेम तपासताना. हेडक्रॅबचा चावा थेट नुकसान देतो, हेल्मेट विचारातच घेत नाही. मी घेणार. बार्नीच्या डोक्यावर हेडक्रॅब बसणार नाही, घसरून पडेल. बार्नीच्या झॉम्बीचं मॉडेल नसल्याची अडचणही त्यातच मिटली.

२० जुलै, शनिवार

नवीन रचना. उडीत हेडक्रॅब शास्त्रज्ञाला ठरावीक उंचीच्या वर लागला तर चावा नाही, पकड. खाली लागला तर नेहमीचा चावा.

पकडल्यावर तीन अवस्था. पहिली, झटापट : सहा सेकंद. शास्त्रज्ञाच्या मॉडेलमध्ये घाबरण्याच्या हालचाली आधीच भरपूर आहेत, त्यातली एक. या वेळात हेडक्रॅबला मारता येतं. क्रोबारच्या एका फटक्यात तो मरतो (मधल्या पातळीवर), पण फटक्यातला निम्मा मार खालच्या माणसाला. त्याचा जीव २०, त्यातले ५ गेले, वाचला. बंदुकीने मारलं तर गोळ्या बहुधा दोघांनाही. दुसरी अवस्था, शांत. तिसरी, झॉम्बी.

खेकडा डोक्यावर दाखवायचा कसा? वेगळी वस्तू चिकटवली की ती हालचालीत मागे-पुढे होते. शास्त्रज्ञाच्या मॉडेलला चार डोकी आहेत : चष्मेवाला, आइनस्टाइन, ल्यूथर, स्लिक. पाचवं केलं, खेकड्यासकट. मूळ हेडक्रॅब अदृश्य करून ठेवायचा आणि डोकं बदलायचं. डोक्यांची संख्या सांगणारा आकडा मात्र ४ च ठेवला. तो ५ केला तर नकाशा सुरू होतानाच काही शास्त्रज्ञ खेकडा घालून कॉफी पीत उभे असतील. (क्षणभर मोह झाला.)

ल्यूथरसाठी मूळ कोडमध्ये हातांची वेगळी कातडी आहे, कारण तो कृष्णवर्णीय. डोकं बदललं तरी ती तशीच राहते. म्हणजे चेहरा गेल्यावरही हातांवरून ओळखू येतं की हा तोच. झॉम्बीच्या मॉडेललाही ती कातडी द्यायला हवी, नाहीतर तिसऱ्या अवस्थेत ओळख पुसली जाते. यादीत टाकलं.

जागेचा प्रश्न सुटला. उभ्या माणसाची आणि झॉम्बीची चौकट एकच, माणूस आधीच तिथे उभा आहे. २३ जूनचा चाचपणारा कोड फेकून दिला.

सेव्ह-लोडसाठी तिन्ही अवस्थांच्या वेळा "वेळ" या प्रकारात नोंदवल्या, साध्या आकड्यात नाही. नकाशा बदलला की खेळाचं घड्याळ बदलतं. साध्या आकड्यात ठेवलेली सहा सेकंदं दुसऱ्या नकाशात कितीही होऊ शकतात.

२१ जुलै, रविवार

दुसऱ्या अवस्थेत माणसाने काय करायचं, हे ठरत नव्हतं. नुसता उभा ठेवला तर फर्निचर.

मग झुरळाची मिशी. शास्त्रज्ञाला यूज हे बटण दाबून सांगितलं की तो मागे येतो, हे मूळ खेळातच आहे. लागण झाल्यावर तो कोड बंद करायचा नाही, एवढंच केलं. जो तुमच्या मागे येत होता, तो खेकडा डोक्यावर घेऊन, गुपचूप, मागे येतच राहतो. दारं अडत नाहीत, लिफ्टमध्ये शेजारी उभा राहतो. साधारण दीड मिनिटाने झॉम्बी.

चालवून पाहिलं. स्वतः लिहिलेलं असूनही मी तीनचारदा मान वळवली.

आवाज : दुसऱ्या अवस्थेत बोलणं बंद. भाचा म्हणाला, अधूनमधून त्याचंच एखादं वाक्य, पण खालच्या पट्टीत. मूळ कोडमध्ये प्रत्येक डोक्याला थोडी वेगळी पट्टी आहे, चष्मेवाला १०५, ल्यूथर ९५, बाकीचे १००. त्यांतून ४० वजा केले. वेगळं ध्वनिमुद्रण लागलंच नाही. "नमस्कार" छापाची वाक्यं ठेवली, घाबरल्याची काढली. घाबरलेला आवाज मदत मागतो, त्याचं काय करायचं ते खेळाडूला कळतं. हा नमस्कार कोणाचा, ते कळत नाही.

२७ जुलै, शनिवार

नकाशा. दोन प्रयोगशाळा, एक लांब बोळ, एक लिफ्ट. पहिल्या खोलीत काचेपलीकडे पकड दाखवली, जिथे खेळाडूला काही करता येत नाही, बघून शिकायचं. दुसऱ्या खोलीत बार्नीच्या हेल्मेटवरून खेकडा घसरतो. तिसरीकडे डोळ्यांची तपासणी करणारं दार, जे शास्त्रज्ञाशिवाय उघडत नाही. म्हणजे शास्त्रज्ञ हवाच. जमिनीलगतच्या जाळीचं अंतर बोळापासून २०० युनिट ठेवलं, कारण शास्त्रज्ञाच्या ५० युनिटवरच्या डोळ्यांसाठी साधारण २०७ च्या आत उडी डोक्याला चुकत नाही.

आता डोळ्यांची तपासणी आणि पाचवं डोकं. त्या शास्त्रज्ञाला खेकड्यासकट दारापाशी नेलं तर? डोळे झाकलेले आहेत. दार उघडू नये. मग खेळाडू अडकतो. दुसरा शास्त्रज्ञ ठेवला, लांब, एका कपाटात लपलेला.

३ ऑगस्ट, शनिवार

भाचा आणि त्याच्या वर्गातली काही मुलं-मुली येऊन खेळली. मी मागे वही घेऊन.

झटापटीच्या सहा सेकंदांत बहुतेक जण गोठतात. एक मुलगा सरळ शॉटगनने दोघांना उडवून पुढे गेला, आणि दारापाशी अडकल्यावर "अरेच्चा" म्हणाला. एका मुलीने क्रोबार काढला, जवळ गेली, फटका मारायला धजावली नाही, आणि वेळ संपल्यावर खेकडा डोक्यावर घेतलेला माणूस तिच्याकडे चालत आला तेव्हा ती त्याला बरोबर घेऊन पुढे निघाली. "काही करत नाहीये ना तो," म्हणे.

तिच्याच खेळात पुढची गोष्ट दिसली. तिचा जीव निम्म्याच्या खाली गेलेला होता. मूळ खेळात अशा वेळी मागे येणारा शास्त्रज्ञ सुई काढतो आणि २५ जीव देतो, मिनिटातून एकदा. तो कोडही चालूच होता. खेकडा डोक्यावर असलेला माणूस सुई उगारून तिच्या अंगावर आला. ती किंचाळली, गोळ्या झाडल्या, तो पडला. पडताना सुई लागून गेली होती, जीव २५ ने वाढला होता.

खोलीत जोरात वाद झाला. भाच्याचं म्हणणं, हे काढ, अन्याय आहे, मदत करणाऱ्याला मारायला लावतेस. मुलीचं म्हणणं, ठेव. ताईला संध्याकाळी विचारलं. ती म्हणाली, डंख झालेलं झुरळ दुसऱ्या डंखानंतर बराच वेळ स्वतःला साफ करत बसतं, जणू काही झालंच नाही. सवयीची कामं चालू राहतात, इच्छा तेवढी जाते. माझ्या शास्त्रज्ञाचं सवयीचं काम म्हणजे सुई.

ठेवणार आहे. उपचाराला जीवशास्त्राचा आधार आहे, आणि सुईचा हात नि झॉम्बीचा हात लांबून सारखाच दिसतो, तेच मला हवं होतं. एवढंच बदललं : दुसऱ्या अवस्थेच्या शेवटच्या २० सेकंदांत सुई नाही. त्या वेळी हात वर आला तर तो दुसऱ्याच कामासाठी. वेळ दाखवणारी कुठलीही खूण पडद्यावर ठेवणार नाही.

४ ऑगस्ट, रविवार

उरलेलं : ल्यूथरच्या हातांची कातडी झॉम्बीला, लिफ्टमध्ये तिसरी अवस्था आली तर झॉम्बी फरशीत रुततो, ते सुधारणे; कपाटातल्या शास्त्रज्ञाला काल कोणीच शोधलं नाही, त्याला आतून ठोठावू द्यायचं, अवघड पातळीवर हेडक्रॅबचा जीव २० असल्याने क्रोबारचे दोन पूर्ण फटके लागतात, तेव्हा माणसाचे १० जातात आणि आधी एखादा चावा बसलेला असेल तर तो मरतो, ते तसंच ठेवायचं की निम्म्याऐवजी पाव मार द्यायचा, भाच्याशी बोलून ठरवणे.